अंबरी सफरचंद: पेटी घेण्याआधी काय बघाल

शोपियांचं अंबरी हे काश्मीरचं अस्सल देशी सफरचंद. नुसतं कापून खायला आमच्या मते याच्या तोडीचं भारतीय सफरचंद नाही. अडचण एकच, अंबरी म्हणून हातात येतं ते दर वेळी अंबरी असतंच असं नाही.

अंबरी मध्यम आकाराचं, किंचित लांबट असतं. पिवळट-हिरव्या सालीवर लाल झाक आणि पट्टे दिसतात. फळ सगळीकडून सारखंच गडद लाल असेल तर उलटं करून बघा. बुडाशी पाच ठळक उंचवटे दिसले तर ते मूळ अमेरिकेतलं डिलिशिअस. 'लाल अंबरी' हा रेड डिलिशिअस आणि अंबरीचा संकर आहे. खायला चांगला, पण वाण वेगळा, म्हणून पूर्ण नाव विचारून घ्या.

अंबरीची तोडणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये होते. त्यामुळे ऑगस्टमध्ये कोणी 'नवा माल, अंबरी' म्हणालं तर घेऊ नका. तेव्हा हजरतबलीसारखी लवकर येणारी फळं असतात. ती मऊही लवकर पडतात, किलो-दोन किलोच घ्यावीत. उशिरा येणारं महाराजी मोठं आणि आंबट, चटणीला उत्तम.

अंबरीचा गर पांढरा, करकरीत, गोड, आंबटपणा अगदी कमी. खरं मोल मात्र सुगंधाचं. थंडगार फळात तो दबतो, म्हणून फ्रिजमधून काढून अर्ध्या तासाने कापा. मुरंब्याला हे फळ वापरू नये. वापरलंच तर लिंबू पिळावंच लागतं.

टिकण्यातही अंबरी डिलिशिअसपेक्षा सरस, पण आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात पेटी बाहेर ठेवली तर गर पिठूळ होतो. पेटी आल्याच दिवशी सगळी फळं काढून बघा. दबलेलं फळ इथिलीन वायू जास्त सोडतं आणि शेजारची फळंही लवकर पिकवतं, म्हणून ते आधी खाऊन टाका. उरलेली न धुता, एकेक कागदात गुंडाळून, पाच-सहा भोकं पाडलेल्या पिशवीत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. धुऊन ठेवली तर देठाच्या खळग्यात पाणी राहून बुरशी धरते. पिशवीच नसेल तर साल सुरकुतते. पालेभाजी त्याच कप्प्यात नको, इथिलीनने पानं पिवळी पडतात.

सालीवर खपलीसारखे लहान काळपट डाग असतील तर फळ नाकारू नका. अंबरीवर स्कॅब रोग सहज येतो, पण डाग वरवरचा असेल तर साल काढून फळ खाता येतं. डागाखाली बोट रुतलं तर मात्र परत करा. या झाडाला फळ उशिरा धरतं, तेही एक वर्षाआड भरपूर. म्हणून बागायतदार डिलिशिअसकडे वळले आणि अंबरीचा माल कमी झाला. एकाच पेटीत लहान-मोठी फळं निघाली तरी चालवून घ्या. वास नसलेली पेटी मात्र अंबरीच्या भावाने घेऊ नका.