ओबरलेशचं घर: आल्प्समध्ये हिवाळी सुट्टीचं बुकिंग करणाऱ्यांनी आधी हे वाचा

ऑक्टोबर उजाडला की इथे म्युनिकमधल्या मराठी मंडळींत तोच प्रश्न सुरू होतो. आई-बाबा भारतातून येतायत, त्यांना बर्फ दाखवायचाय, आल्प्समध्ये कुठे नेऊ? यंदा कुणाला काही सुचवण्याआधी आमच्या बाबतीत काय घडलं ते सगळं लिहून काढते आहे. ऑस्ट्रियात लेश आम आर्लबेर्ग या गावी आम्ही आठवडाभरासाठी घर घेतलं, त्याचे ४,६०० युरो, म्हणजे साडेचार लाखांहून जास्त रुपये, भरले आणि तसं घर त्या गावात नाहीच, हे दारात नव्हे, गावाच्या रोपवेपाशी कळलं. पैसे आजपर्यंत परत आलेले नाहीत.

आधी गावाबद्दल, कारण फसवणूक समजायला ते लागेल. लेश हे साडेचौदाशे मीटर उंचीवरचं, दीड हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. डच राजघराणं वर्षानुवर्षं हिवाळ्यात इथे येतं, डायनाही मुलांना घेऊन यायची. त्सुर्स, सांक्ट आंटोन आणि वार्थ या शेजारच्या गावांशी लिफ्टने जोडलेलं असल्यामुळे आर्लबेर्गचे तीनशे किलोमीटरच्या आसपासचे स्कीचे उतार एकाच पासात मिळतात. म्युनिकहून गाडीने साधारण तीन तास. बव्हेरियातल्या शाळांना फाशिंगची, म्हणजे कार्निव्हलची, सुट्टी लागते त्या आठवड्यात तिथे खोली मिळणं महाकठीण, आणि मिळाली तर दर ऐकून डोळे पांढरे होतात. अशा वेळी बरेच जण हॉटेलाऐवजी घरगुती अपार्टमेंट शोधतात. स्वयंपाकघर असतं, आई-बाबांना वरण-भात करून घालता येतो. आणि अशा घरांचे मालक, अगदी खरे मालकसुद्धा, अनामत बँकेत थेट ट्रान्सफरने मागतात. ही तिथली जुनी, सरळ रीत आहे. ग्यानबाची मेख इथेच आहे. ठगाला वेगळं काही मागावंच लागत नाही.

घर सापडलं ते एका मोठ्या, सगळ्यांच्या माहितीच्या पोर्टलवर. दर आजूबाजूच्या घरांपेक्षा जरासाच कमी होता. 'फार स्वस्त मिळालं तर सावध व्हा' हा सल्ला सगळे देतात, ठगांनाही तो ठाऊक असतो. मालक म्हणवणाऱ्या माणसाने स्वच्छ जर्मनमध्ये उत्तर दिलं. पोर्टलच्या कॅलेंडरमध्ये घोळ झालाय, मी करार थेट पाठवतो, कमिशन वाचेल तेवढं तुम्हाला कमी करतो, असं त्याचं म्हणणं. करार आला तो ऑस्ट्रियात येतो तसाच. चाळीस टक्के अनामत, उरलेली रक्कम येण्याआधी, शेवटच्या साफसफाईचे पैसे वेगळे, दर माणशी दर रात्रीचा पाहुणे कर गावात आल्यावर. खाली कराचा नोंदणी क्रमांकसुद्धा होता. युरोपीय संघाच्या सरकारी साइटवर तो टाकला तर वैध असल्याचं दिसलं. क्रमांक खराच होता, फक्त दुसऱ्याच कुणाच्या व्यवसायाचा उचललेला. त्या साइटवर 'वैध' एवढं दिसणं पुरेसं नाही, खाली येणारं नाव आणि पत्ता करारातल्या नाव-पत्त्याशी अक्षरन् अक्षर ताडून बघा.

माझ्या बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे, म्हणून मी घरातल्या पायऱ्यांबद्दल विचारलं होतं. त्यावर त्या माणसाने लिहिलं, आत सातच पायऱ्या आहेत, डाव्या हाताला कठडा आहे, वडिलांसाठी खालची खोली तयार ठेवतो, तिथून बाथरूमही जवळ आहे. मला सगळ्यात जास्त चीड आजही त्या सात पायऱ्यांची येते. पैशांइतकीच ही गोष्टही चोरीच आहे. लोकांना वाटतं, ठग घाई करतात, दमदाटी करतात, त्यांची भाषा मोडकी असते. हा माणूस आठवडाभर थांबून, आपुलकीने, एका म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याची चौकशी करत होता.

पैसे भरतानाची गोष्ट नीट वाचा. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ट्रान्सफरआधी खातेदाराचं नाव आणि खाते क्रमांक जुळतात का, हे तपासून दाखवावंच लागतं. आमच्या वेळी ते जुळलं. कारण करारातच लिहिलं होतं की घराची व्यवस्था एक बाई पाहतात, पैसे त्यांच्या नावे भरावेत. खातं खरोखर त्याच नावाचं होतं. अशी खाती भाड्याने घेतलेली असतात किंवा दुसऱ्याच कुणाची कागदपत्रं वापरून उघडलेली असतात, आणि पैसे जमा होताच काही तासांत पुढे पाठवले जातात. बँकेची हिरवी खूण एवढंच सांगते की या नावाच्या माणसाचं हे खातं आहे. त्या माणसाचा आणि घराचा काही संबंध आहे का, हे ती सांगत नाही, सांगूही शकत नाही. खाते क्रमांक ऑस्ट्रियाच्या 'एटी'ने नव्हे, स्पेनच्या 'ईएस'ने सुरू होत होता. एवढ्यावरून कुणी चोर ठरत नाही, युरोपात कुणाचंही खातं कुठल्याही देशात असू शकतं, पण खेड्यातल्या घराचा मालक आणि पैसे परदेशी खात्यात, असं दिसलं की पुढचा फोन केल्याशिवाय एक सेंटही पाठवू नये.

तो फोन कुठे करायचा ते पुढे सांगते. आधी पासपोर्टचं. 'गावात पाहुण्यांची नोंद करावी लागते' म्हणून सगळ्यांच्या पासपोर्टच्या प्रती मागितल्या होत्या. नोंदीचा कायदा खरा आहे. ऑस्ट्रियात मुक्कामाच्या ठिकाणी पोचल्यावर चोवीस तासांच्या आत पाहुण्यांची नोंद व्हावी लागते. पण ती पोचल्यावर, समोरासमोर पासपोर्ट दाखवून होते. आठवडे आधी ईमेलने प्रती पाठवण्याची त्यासाठी काही गरज नसते. आतापर्यंतच्या बहुतेक भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं, जोडीदाराचं नाव, घरचा पत्ता सगळं असतं, म्हणजे एका प्रतीत अख्खी कुंडली. भारतातून व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांनी तर दुप्पट जपायला हवं. मुक्कामाचा पुरावा म्हणून असलंच बनावट बुकिंग फाइलला लागलं, तर गोत्यात येणार अर्जदार.

निघायच्या दिवशी सकाळी मेसेज आला: हिमस्खलनाच्या भीतीने फ्लेक्सन खिंडीचा रस्ता बंद केलाय, आज येऊ नका, उद्या दुपारी या. लेशला हिवाळ्यात गाडीने जायला हा एकच रस्ता असतो, वार्थकडून येणारा दुसरा रस्ता हिवाळाभर बंद ठेवतात. फ्लेक्सनही जोरदार बर्फ पडला की खरोखर बंद होतो, त्यामुळे खोटं वाटण्याचं कारण नव्हतं. नवऱ्याने वाहतुकीची अधिकृत माहिती पाहिली. रस्ता चालू होता. त्याने तसं कळवलं, उत्तर नाही. फोन लावला, नंबर बंद. आम्ही निघालो. पुढे पोलिसांनी या मेसेजचा अर्थ समजावला. पाहुणे एक दिवस उशिरा पोचले की तक्रार एक दिवस उशिरा होते, आणि शनिवारी येणारी मंडळी रविवारवर ढकलली की मध्ये बँकाही बंद मिळतात.

आमचं कथित घर ओबरलेशला होतं. ओबरलेश म्हणजे लेशच्या वरच्या अंगाला, उतारावर वसलेली वाडी. हिवाळ्यात तिथे रस्त्यावर गाड्या नसतात. गाडी खाली लेशमध्ये ठेवायची, आपण रोपवेने वर जायचं, आणि सामान भुयारातून हॉटेलांपर्यंत पोचवलं जातं.  खालच्या स्थानकात सामान घेणाऱ्या माणसाने विचारलं, कुठल्या घराचं? आम्ही नाव सांगितलं. त्याने यादी पाहिली, पुन्हा नाव विचारलं, मग कागद घेऊन त्यावर मलाच ते लिहायला सांगितलं. सहकाऱ्याला हाक मारली. दोघांनी तो कागद पाहिला आणि आई-बाबांकडे बघून त्यातला मोठा माणूस हळू आवाजात म्हणाला, असं घर वर नाही, यंदाच्या मोसमात अशी माणसं याआधीही आली आहेत. बाबांनी मला विचारलं, "अगं, काय म्हणतोय तो?" सांगायला मला थोडा वेळ लागला.

आता करार पुन्हा काढून वाचला, तर त्यात चक्क लिहिलेलं आहे: 'घरासमोर दोन गाड्यांची जागा, पोचल्यावर गाडी दाराशी लावावी.' ओबरलेश पाहिलेला कुणीही माणूस हिवाळ्यातल्या पाहुण्यांना असं लिहिणार नाही. तसंच फोटोंचं. गच्चीतून दिसणाऱ्या डोंगरांत ओमेसहॉर्न कुठेच नाही, आणि लेशच्या डोक्यावर तो सुळका असा उभा आहे की गावातल्या बहुतेक फोटोंत तो येतोच. फोटो फ्रान्समधल्या कुठल्याशा शॅलेचे, म्हणजे लाकडी पहाडी घराचे होते, हे चित्रावरून शोध घेतल्यावर निघालं. मात्र तो शोध घराच्या आतल्या फोटोंवर करून काही हाती लागत नाही, लाकडी भिंती आणि शेकोट्या सगळीकडे सारख्याच. खिडकीबाहेरचं दृश्य असलेला फोटो घ्या आणि गावाच्या वेबकॅमेऱ्यात दिसणारे डोंगर त्याच्या शेजारी ठेवून बघा.

आणि फोन. गावाच्या पर्यटन कार्यालयाला फोन करा, नंबर जाहिरातीतून किंवा करारातून न घेता गावाच्या अधिकृत साइटवरून घ्या. ऑस्ट्रियात जो कुणी पाहुण्यांना घर भाड्याने देतो, त्याला पाहुण्यांची नोंद ठेवावी लागते आणि पाहुणे कर गावाकडे भरावा लागतो. त्यामुळे लहान गावात कार्यालयाला प्रत्येक घर नावानिशी माहीत असतं. आम्ही रोपवेवरून तिथेच गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं की या पत्त्यावर राहतं घरच नाही. इंग्रजीत बोलता येतं, ईमेललाही उत्तर देतात. 'पोर्टलच्या बाहेर व्यवहार करू नका' हा नियम चांगला आहे, तो पाळाच, पण आल्प्समध्ये कितीतरी घरं पोर्टलवर नसतातच आणि प्रामाणिक मालकही थेट बुकिंगच पसंत करतात. त्यांच्यासाठी हा एक फोन. ऑस्ट्रियातली 'वॉचलिस्ट इंटरनेट' ही साइट बनावट भाडेकरारांच्या साइटची नावं प्रसिद्ध करत असते, तीही पाहा. शक्य तिथे क्रेडिट कार्ड वापरा, कारण कार्डाचा व्यवहार वादात टाकता येतो. स्वतःहून केलेली ट्रान्सफर तशी नसते.

त्याच बाईंनी फोनावर फोन लावून खाली ब्लूडेन्झजवळ एका घरगुती पेन्शनमध्ये, म्हणजे छोट्या गेस्टहाउसमध्ये, दोन खोल्या मिळवून दिल्या. मुलाची स्की शाळा आम्ही वेगळी, थेट शाळेकडेच नोंदवली होती, ती तेवढी वाचली.

बँकेला त्याच संध्याकाळी कळवलं. समोरच्या बँकेकडे परतीची मागणी गेली, पण खातं रिकामं होतं. तुम्ही स्वतः अधिकृत केलेला व्यवहार आहे, म्हणून भरपाई नाही, असं आमच्या बँकेने कळवलं. युरोपीय संघातला सध्याचा नियम साधारण असाच आहे, अनधिकृत व्यवहाराला संरक्षण, फसवून करवून घेतलेल्याला नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायची असते, पण तीही देशांतर्गत ट्रान्सफरला. लंडनहून स्पेनच्या खात्यात पाठवलेले पैसे त्यात बसत नाहीत. भारतातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बँक उघडायची वाट पाहू नका. तक्रार आम्ही म्युनिकमध्ये पोलिसांकडे नोंदवली. करार, ईमेल, मेसेज, जाहिरातीचे स्क्रीनशॉट सगळं दिलं. जाहिरात नंतर पोर्टलवरून गायब झाली, म्हणून स्क्रीनशॉट तक्रारीच्या आधीच काढून ठेवा. आई-बाबांच्या पासपोर्टच्या प्रती गेल्याचंही त्या तक्रारीत लिहून घेतलं आहे. उद्या त्या नावावर कुणी काही केलं तर हातात तारखेसह कागद हवा.

यानंतर एक प्रकार झाला, तो बहुतेकांना माहीत नसतो. काही आठवड्यांनी एका 'वकिली कार्यालया'चा ईमेल आला. तुमचे ४,६०० युरो आम्हाला एका गोठवलेल्या खात्यात सापडले आहेत, सोडवण्यासाठी ३८० युरो शुल्क भरा. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, गावाचं नावही बरोबर. एवढं सगळं बँक, पोलीस आणि आम्ही सोडून फक्त पैसे नेणाऱ्यांनाच माहीत. फसलेल्यांच्या याद्या या टोळ्या स्वतः वापरतात किंवा पुढे विकतात, असं तपास अधिकाऱ्यांनी सांगितलं. पैसे बुडालेला माणूस ते परत मिळतील या आशेवर आणखी भरायला तयार असतो, हे ते धरून चालतात. परतीचे पैसे मिळवून देण्यासाठी पोलीस किंवा बँक कधीही आगाऊ शुल्क मागत नाहीत. असा ईमेल आला तर उत्तर देऊ नका, त्यातली लिंक उघडू नका, तो आहे तसा तक्रारीच्या क्रमांकासह पोलिसांना पाठवा. आम्ही पाठवला आहे, आणि आता तो आमच्या फाइलला जोडलेला आहे.