आयरिश पब की मायक्रोब्रुअरी? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

मायक्रोब्रुअरीत बिअर तिथल्याच टाकीत आंबते. आयरिश पबमध्ये ती बाहेरून येते, कॅनमध्ये, बाटलीत नाहीतर केगमधून (म्हणजे बिअरच्या पिंपातून). निवड करताना आधी हा फरक बघा, सजावट नंतर.

बिअरसाठीच निघाला असाल तर ब्रुअरी गाठा, आणि तीही आठवड्याच्या मधल्या वारी, कारण चाखायला टेस्टर (छोटा नमुन्याचा ग्लास) मागून दोन प्रश्न विचारायला तेव्हाच उसंत मिळते. हेफेवाइझेनला, म्हणजे गव्हाच्या जर्मन बिअरला, केळं-लवंगेचा वास यायलाच हवा. तो यीस्टमुळे येतो, वेगळं काही घातलेलं नसतं. लोण्यासारखा वास आला तर बहुधा बिअर टाकीत पुरती मुरू दिलेली नाही. व्हिनेगरसारखी आंबट लागली तर नळाची पाइपलाइन नीट धुतलेली नसावी. ग्लास बेलाशक परत करा. काचेला आतून बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास तेलकट आहे, फेसही लगेच विरेल.

आयरिश पबची खरी परीक्षा गिनेस या काळ्या आयरिश बिअरवर होते. ड्राफ्ट, म्हणजे नळातून येणारी, असेल तर ग्लास तिरका धरून पाऊण भरायचा, आतली तपकिरी लाट शांत होऊ द्यायची आणि मग वरचा भाग भरायचा. सगळं मिळून साधारण दोन मिनिटं. नायट्रोजनमुळे फेस सायीसारखा दाट बसतो. एका दमात भरून आणला तर समजा, ओतणाऱ्याला घाई आहे. काळी म्हणजे कडक, हा मात्र गैरसमज: ड्राफ्ट गिनेसमध्ये अल्कोहोल 4.2 टक्केच, आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’पेक्षा बरंच कमी.

दर ताडताना मिली बघा. आपली पिंट 330 मिलीची बाटली, आयर्लंड-ब्रिटनमधली पिंट 568 मिली.

जेवणात पबचं पारडं जड. शेफर्ड्स पायमध्ये (खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर) खिमा मटणाचाच हवा. फिश अँड चिप्स झाकून आणले तर वाफेने आवरण मऊ पडतं, म्हणून उघडेच मागवा. मासा बासा आहे की रावस, तेही विचारा, चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. गप्पा मारायच्या असतील तर बँड सुरू होण्याआधी जेवून घ्या.

बिअरसाठी वय 21 पूर्ण हवं, व्हिस्कीसाठी 25. पाम बीच रोड असो की घोडबंदर, गाडी घरीच ठेवा: रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नवी मुंबईत सीवूड्स स्टेशनला लागून असलेल्या मॉलमधली जागा धरली तर परतीची लोकल खालीच मिळते; शेवटच्या गाडीची वेळ मात्र दुसरा ग्लास मागवण्याआधी बघून घ्या.