अंगणात काय घालायचं: पेव्हर, शहाबादी, जांभा की हिरवळ?

पहिल्या पावसाळ्यात आमच्या फाटकापाशी पेव्हरवर, म्हणजे सिमेंटच्या जुळवलेल्या ब्लॉकवर, पाय पडला की तो डुगडुगायचा आणि सांध्यातून गढूळ पाण्याची चिळकांडी थेट पायजम्यावर. ब्लॉक चांगले होते, एकही तुटला नव्हता. घोळ खाली होता. घर काळ्या रानात. ठेकेदारानं काळी माती न काढता वर चार बोटं मुरूम पसरला, कच (दगडाचा बारीक चुरा) टाकली आणि ब्लॉक मांडून मोकळा झाला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर काहीही मांडा, ते हलणारच. दुसऱ्या वर्षी सगळं उचकटून पुन्हा बसवलं, तेव्हा मजुरी दुप्पट गेली.

तेव्हा दुकानात नमुने बघायला जाण्याआधी घरापाशी एक खड्डा घ्या. फूटभर खाली मुरूम लागला तर निम्मं काम झालं. काळी माती लागली तर ती काढून, मुरूम थराथरानं टाकून, पाणी मारून, धुमसानं नाहीतर यंत्रानं दाबून घ्यावा लागेल. सहाशे चौरस फुटांवर दबलेला सहा इंच थर हवा असेल तर हिशेबानं तीन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) होतो, पण दबल्यावर मुरूम बसतो, म्हणून चार सांगा.

पेव्हर घ्यायचा तो गाडी उभी राहते तिथे. चालण्यापुरती जागा असेल तर ५० मिलिमीटर जाडी चालते, चारचाकीला किमान ६० हवी, आणि विटांचा किंवा वाळूचा ट्रक आत येणार असेल तर ८०. रबरी साच्यातले ब्लॉक चकचकीत, दिसायला देखणे. पण यंत्रावर दाबून काढलेले, थोडे खरबरीत असलेले मी जास्त पसंत करतो, पावसात पाय सरकत नाही. आणि कडेला कर्ब, म्हणजे काठाला रोवलेला काँक्रीटचा ठोकळा, हवाच. कर्ब नसेल तर काठचे ब्लॉक बाहेर सरकतात, मग आतले सैल होतात. पेव्हरचा खरा फायदा पुढे कळतो: पाण्याची पाइप फुटली तर चार ब्लॉक काढा, दुरुस्त करा, परत बसवा. फरशीला असं करता येत नाही.

शहाबादी मला मनापासून आवडते. उन्हात तापते खरी, पण संध्याकाळी पाण्याचा सडा मारला की बसायला तिच्यासारखी जागा नाही. दोन बाय दोन फुटांच्या रफ फरश्या घ्या. पॉलिश केलेली घराबाहेर नको, पावसात आजी-आजोबा घसरतात. सांधे सिमेंटनं गच्च न भरता बोटभर सोडले, त्यात हरळी उगवू दिली, तर पाणीही मुरतं आणि दिसतंही छान. एक मात्र सांभाळा. हा चुनखडीचा दगड आहे, ॲसिड त्याला खातं. शेवाळ घालवायला संडास धुण्याचं ॲसिड ओतलेलं अंगण मी पाहिलंय, पांढरे डाग कायमचे. ब्लीचिंग पावडर आणि खराटा पुरे.

जांभ्याचं सरळ आहे: कोकणात असाल तर घ्या, घाटावर असाल तर मोह आवरा. कोकणातल्या पाखाड्या (पायऱ्यांच्या पायवाटा) जांभ्याच्या असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या पाय झेलतात. खाणीतून काढताना चिरा, म्हणजे जांभ्याचा ठोकळा, मऊ असतो, हवेला पडला की कडक होतो. पण सच्छिद्र दगड, पाणी धरतो, सावलीत शेवाळ येतं. शिवाय घाट चढून येईपर्यंत वाहतुकीचाच खर्च अंगावर येतो. ज्यांचं कोकणात घर आहे त्यांना आणखी एक पर्यायही आहेच: पावसाळ्यानंतर खळं, म्हणजे मातीचं अंगण, चोपून, शेणानं सारवून घ्यायचं. रोज कोणी घरी असेल तरच ते टिकतं. वर्षातून दोनदा जाणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

हिरवळीबद्दल जरा कडू बोलतो. उन्हाळ्यात चौरस मीटरला दिवसाला पाचेक लिटर पाणी धरा. पाचशे चौरस फुटांना म्हणजे रोज सव्वादोनशे लिटरच्या आसपास. एप्रिलमध्ये टँकर बोलावणाऱ्या गल्लीत हा हिशेब मला झेपत नाही. वर भराव म्हणून आणलेल्या मातीतून लव्हाळा येतो. तो वरून उपटला तरी खालची गाठ राहते, आठवड्यात पुन्हा हजर. आंब्याखाली तर हिरवळ लावूच नका, ऊनच मिळत नाही. लहान मुलांना लोळायला म्हणून हवीच असेल, तर उन्हातला दीडशे-दोनशे चौरस फुटांचा तुकडा ठेवा, बस.

आता पाण्याचं. हजार चौरस फूट जागा पक्की बंद केली तर एक इंच पावसात २,३०० लिटरहून जास्त पाणी तिच्यावरून वाहतं. ते जोत्यात मुरणार, शेजाऱ्याकडे जाणार की बोअरपाशी खणलेल्या शोषखड्ड्यात, हे आधी ठरवा. दहा फुटांना दीड इंच उतार द्या, घरापासून बाहेर. झाडाभोवती निदान मीटरभर आळं उघडं ठेवा. बुंध्यापर्यंत काँक्रीट घातलं की मुळांपर्यंत पाणी-हवा पोचत नाही.

मला आज पुन्हा करायचं असेल तर गाडीच्या दोन चाकांपुरते पेव्हरचे पट्टे, फाटकापासून पायरीपर्यंत शहाबादीची वाट, बाकी दाबलेला मुरूम आणि जास्वंद-कढीपत्त्याचे वाफे. मिस्त्री म्हणेल, "पाणी जाईल ओ आपोआप." शेवटचा हप्ता देण्याआधी नळी लावून अर्धा तास पाणी सोडा आणि छत्री न घेता उभे राहून बघा, ते कुठे थांबतंय.