सिडको एन-8 मधलं भाड्याचं घर: सावली उत्तम, पण पाचोळ्याचं काय ते आधी विचारा

अकरा महिन्यांचा करार संपत आलाय, घरमालक काकांनी 10 टक्के वाढ सांगितलीय आणि आम्ही इथेच राहायचं ठरवलंय. मार्चमध्ये कुणी विचारलं असतं तर मी ठाम नाही म्हटलं असतं. तेव्हा खोकी आणून ठेवली होती आणि दुसरं घर बघणं सुरू होतं. मधल्या काळात काय बदललं ते सविस्तर लिहितेय, कारण लातूर-परभणी-नांदेडकडून संभाजीनगरात येणारे खूपजण कमी भाड्यात झाडी असलेली, शांत वस्ती शोधत असतात आणि त्यांना फक्त झाडांचे फोटो दाखवले जातात. सिडको ही इथली आखून वसवलेली वसाहत, तिचे एन-1, एन-2 असे भाग आहेत आणि आमचं घर एन-8 मध्ये.

आमची गरज अशी. यांची बदली शेंद्र्याच्या एमआयडीसीत, कंपनीची बस सिडकोतून मिळते. माझं काम घरून, दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्न, म्हणजे दिवसभर फोन. सासूबाईंना दम्याचा त्रास, त्यामुळे तळमजला आणि धुळीपासून लांब. सगळं धरून दहा हजारांच्या आत.

समर्थनगर, ज्योतीनगर या पैशांत बसत नव्हतं. छावणीतली जुनी झाडं बघून जीव अडकला, पण भाड्याने घर मिळेना. पडेगाव स्वस्त, मात्र शेंद्रा शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. बेगमपुरा मला मनापासून आवडला. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली तेव्हापासून या शहरात जमिनीखालच्या नहरींनी पाणी फिरवलं गेलं, आणि बेगमपुऱ्याला थत्ते नहरीचं पाणी मिळायचं. जुन्या बागा आणि जुनी झाडं अशा पाण्याच्या आसऱ्यानेच वाढली. तिथल्या घराचा जिना मात्र इतका उभा होता की सासूबाई दारातूनच परतल्या.

राहिलं शहरालगतचं सातारा-देवळाई आणि सिडको. देवळाईत साडेसात हजारांत नवा फ्लॅट, लिफ्ट, पार्किंग, गॅलरीतून डोंगर. त्यावर मेंटेनन्स आणि उन्हाळ्यात टँकरची वर्गणी. एन-8 मध्ये नऊ हजारांत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, बैठं घर, मागे पश्चिमेला मोठा कडुनिंब, गल्लीत जंगली बदाम, समोर गुलमोहर, आणि पायी जाण्याजोगं बोटॅनिकल गार्डन. सत्तरच्या दशकात आखणी सुरू झालेल्या या नगरात छोट्या प्लॉटांमध्येही बागेची जागा सोडलेली आहे आणि लोकांनी दारात लावलेली झाडं आता गच्चीच्या वर गेली आहेत. आम्ही हे घर घेतलं.

लातूरकर म्हणून पहिला प्रश्न पाण्याचाच होता. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी आम्ही प्यायलोय, त्यामुळे घर बघताना मी आधी हौदाचं झाकण उचलते आणि मग खोल्या बघते. इथे नळाला पाणी रोज येत नाही, मध्ये बरेच दिवस जातात. नाथसागर, म्हणजे पैठणचं धरण, भरलेला असला तरी येत नाही, कारण खोट धरणात नाही, पैठणहून पाणी आणणाऱ्या जुन्या, अपुऱ्या जलवाहिन्यांत आहे. 2740 कोटींची नवी योजना, 2500 मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी, हे सगळं इथे रोजच्या बोलण्यात आहे. तोवर ज्याचा हौद मोठा तो सुखी. आमचा हौद मोठा आहे, त्यामुळे पाण्यावरून रडावं लागलं नाही. घर बघायला जाल तेव्हा हौद किती लिटरचा आणि मोटर कुणाच्या मीटरवर, एवढं नक्की विचारा.

आता पाचोळा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बाकी सगळं कुणीही सांगतं आणि हे एकानेही सांगितलं नव्हतं. एजंटने एका महिन्याचं भाडं दलाली घेतली, झाडांचं कौतुक केलं, पण ही झाडं पानं गाळतात तेव्हा ती कोण उचलतं, यावर चकार शब्द नाही.

कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होते आणि होळीपर्यंत चालते. सकाळी अंगण झाडावं तर चहा होईपर्यंत पुन्हा पिवळं. ही पानं बारीक असल्यामुळे कुठेही शिरतात: गच्चीच्या पन्हाळीत, हौदाच्या झाकणाच्या फटीत, कूलरच्या जाळीत. गुलमोहराची पानं तर त्याहून बारीक, ओली झाली की फरशीला चिकटून बसतात आणि खराट्याला दाद देत नाहीत. जंगली बदाम वर्षातून दोनदा पानं टाकतो. त्याची पानं तळहाताहून मोठी, लालसर, दिसायला सुंदर, पण चार पानं पडली की गटाराची जाळी बंद. जूनमध्ये लिंबोळ्या पडतात, त्यावरून पाय घसरतो आणि माश्या घोंघावतात. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने घरात एका माणसाला खराट्याचं काम.

झाडायला माझी ना नाही. गोष्ट बिघडली ती पुढे. घंटागाडीवर ओला-सुका कचरा घेतात, पण पाल्याची गोणी बघितली की, "ताई, पाला नाही चालत." मग गल्ली झाडणाऱ्या मावशी सगळा पाला कोपऱ्यावर ढीग करायच्या आणि कोपऱ्यावरचे काका भल्या पहाटे काडी लावायचे. रात्रीच्या दवाने पाला दमट असतो. तो धड पेटत नाही, नुसता धुमसतो, आणि धुमसणाऱ्या पाल्याचा धूर पेटलेल्यापेक्षा वाईट. थंडीच्या पहाटे हवा हलत नाही, धूर वर जाण्याऐवजी गल्लीत साचून राहतो. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंचा दम्याचा पंप दुपटीने लागायला लागला. खिडक्या बंद, दारांच्या फटींना ओली फडकी, तरी घरात वास. ज्या हवेसाठी देवळाईपेक्षा दीड हजार जास्त भाडं मोजत होतो, ती हवा आम्हाला सकाळी नऊनंतरच मिळत होती.

मी कोपऱ्यावरच्या काकांकडे गेले. ते म्हणाले, "आम्ही इथे आल्यापासून जाळतोय, डासही जातात, आजवर कुणाला काही झालं नाही." मी नियम सांगितले. 2016 च्या घनकचरा नियमांतच कचरा जाळायला सरळ मनाई केलेली होती आणि बागेचा पाला आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा असं लिहिलेलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये दंड ठरवला. काकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काडी लावली. दंडाची भाषा केली की माणूस अडून बसतो आणि शेजारपण नासतं ते वेगळंच.

शेवटी सासूबाई स्वतः गेल्या. पंप हातात होता. दारातच उभं राहून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या कोपऱ्यावरचा धूर थेट माझ्या छातीत येतो. मला बसूनच रात्र काढावी लागते." काकांनी त्यांना आत बोलावून पाणी दिलं. त्या दिवसापासून काकांनी जाळलं नाही. जाळणं पूर्ण थांबलं मात्र नाही, कारण आता मावशी जाळायला लागल्या. त्यांचं म्हणणंही खरं होतं: "सातपर्यंत गल्ली साफ पाहिजे म्हणता, गाडीवाला घेत नाही, मग मी हा डोंगर डोक्यावर घेऊन फिरू का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मार्चच्या त्या आठवड्यात आम्ही घर सोडायचं ठरवलं.

एप्रिल उजाडला आणि शाळांच्या परीक्षा, यांची शिफ्ट, यात घर बदलणं लांबलं. मेमध्ये मामेबहिणीकडे देवळाईला मुक्कामाला गेलो, त्याच भागात फ्लॅट बघायचे म्हणून. वरचा मजला. रात्री दहा वाजता पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर भाकरी काढून घेतलेल्या तव्यासारखी गरम. टाकीचं पाणी आंघोळीला घेववेना. दोन खोल्यांत दोन कूलर, एक एसी, आणि खाली टँकर रिकामा होण्याचा आवाज. बहिणीने बिल दाखवलं. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटनंतर दर एकदम चढतो आणि 300 नंतर आणखी. तिचं घर उन्हाळाभर 300 च्या वर. आमच्याकडे त्याच मेमध्ये एक कूलर, तोही दुपारी बारानंतर, आणि भिंत संध्याकाळी सातला हाताला सोसवेल अशी. कारण पश्चिमेचं सगळं ऊन तो कडुनिंब अंगावर घेतो. पानगळ संपली की लगेच तांबूस कोवळी पालवी येते आणि उन्हं कडक होईपर्यंत झाड पुन्हा गच्च झालेलं असतं.

परत येताना यांनी रिक्षातच हिशेब मांडला. भाड्यात वाचणारे दीड हजार मेंटेनन्स, टँकर आणि विजेत जातात, वर थोडे खिशातून घालावे लागतात. म्हणजे झाड सोडण्यात फायदा नव्हता, पाचोळ्याची सोय लावण्यातच होता.

सोय अशी लावली. गल्लीतल्या जुन्या काकूंनी सांगितलं की 2018 च्या कचराकोंडीत, नारेगावचा डेपो बंद पडून शहरभर कचरा साचला होता तेव्हा, त्यांनी दारातच खड्डा करून खत केलं होतं. डेपोचा प्रश्न मागे पडला आणि खड्डाही बुजला. त्यांच्याच देखरेखीखाली आम्ही लोखंडी जाळीचा चार फूट उंच गोल पिंजरा केला आणि ओळीतल्या घरांच्या संमतीने बागेच्या कोपऱ्यात, कुंपणाच्या भिंतीपासून हात-दोन हात सोडून ठेवला. भिंतीला टेकवला तर वाळवी लागते. वीतभर पाला, त्यावर शेणकाला, पुन्हा पाला. हर्सूलकडच्या गोठ्यातून शेण मिळतं. नुसता कोरडा पाला वर्षभर तसाच पडून राहतो, त्याला शेण किंवा ओला कचरा लागतोच. पाण्याची ओढ असल्यामुळे नळाचं पाणी घालायचं नाही असं पहिल्या दिवशीच ठरलं. तांदूळ-डाळ-भाज्या धुतलेलं पाणी प्रत्येक घरातून बादलीने येतं. ओल बरोबर आहे की नाही ते मुठीत दाबून बघायचं: हात ओला व्हावा, पण थेंब गळू नये. बदामाची पानं पायाखाली चुरल्याशिवाय टाकायची नाहीत, ती लवकर कुजत नाहीत.

आणि मावशींना प्रत्येक घरामागे महिन्याला 50 रुपये जास्त, पाला कोपऱ्याऐवजी पिंजऱ्यापर्यंत नेण्याचे. धूर बंद झाला तो या 50 रुपयांनी, हे मी स्पष्ट सांगते. मावशींच्या मजुरीत ते काम धरलेलंच नव्हतं. लिंबोळ्यांच्या दिवसांत पिंजरा भरला आणि पावसाने तो झपाट्याने खाली बसला. तळाशी काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत तयार आहे. कोपऱ्यावरच्या काकांनी चाळणी आणून पहिलं घमेलं आपल्या मोगऱ्याला नेलं.

बाकीचं थोडक्यात. दिवसा शांतता खरी आहे, फोनवर बोलताना खिडकी लावावी लागत नाही. रात्री कुत्री भुंकतात आणि लग्नसराईत डीजेचा आवाज येतोच. गल्ली अरुंद, चारचाकी असेल तर रोज कुणाशी तरी बोलाचाली होईल. आमच्याकडे दुचाकी आहे. पावसाळ्यात झाडीमुळे डास जास्त, जाळीच्या खिडक्या असलेलंच घर बघा. स्मार्ट बस मुख्य रस्त्यावर मिळते. कडुनिंबावर धनेशाची जोडी येते, सासूबाई दुपारची झोप सोडून बघत बसतात.

नव्या करारात आम्ही तीन गोष्टी लिहून घेतोय. पन्हाळ आणि गच्चीची सफाई पानगळीनंतर एकदा आणि पावसाआधी एकदा, खर्च घरमालकांचा. हौदाला घट्ट बसणारं नवं झाकण. आणि कडुनिंबाला हात लावायचा झाला तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी घेऊन आणि आम्हाला सांगून. घरमालक काकांच्या मनात मागे गाडीसाठी शेड टाकायचं होतं. पश्चिमेची सावली गेली तर या घराचं भाडं मी साडेसात हजारांवर देणार नाही, हे त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि होकार दिला.

तुम्ही इकडे घर बघणार असाल तर शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी सहाला एक चक्कर मारा. कोपऱ्यावर राखेचा काळा डाग दिसला तर कोण जाळतं ते शेजारी विचारा, आणि घरात दम्याचा माणूस असेल तर त्याची सोय लागेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका. आमच्या ओळीत येत्या पानगळीआधी दुसरा पिंजरा करायचाय, पहिला पुरत नाही. जाळीची वर्गणी सुरू आहे, दोन घरं द्यायची राहिलीत.