थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई : इंदूरच्या मे महिन्यात किती वॉट झेपतात?

निकाल आधीच सांगून टाकू. प्रोसेसर १५० वॉटच्या आसपास खात असेल आणि कॅबिनेटमध्ये हवा खेळती असेल, तर हा दोन मनोऱ्यांचा एअर कूलर इंदूरचा उन्हाळा एसीशिवाय काढून देतो. २०० वॉटच्या पुढे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. चांगल्या २४० मिमी लिक्विड (द्रव फिरवून थंड करणाऱ्या) कूलरच्या साधारण निम्म्या पैशांत तो मिळतो, म्हणून सिल्व्हर मॉलच्या संगणक बाजारात चौकशीला जाण्याआधी हे नाव लिहून न्यावं. दुकानात हमखास लिक्विडचा आग्रह होतो.

कूलरचं काम काय, हे इथे नीट समजून घेतलेलं बरं. तो प्रोसेसरचं तापमान ठरवत नाही; प्रोसेसर आणि खोली यांच्यातला फरक ठरवतो. समजा, अमुक वॉटवर हा फरक ५० अंश आहे. जानेवारीत खोली २२ अंशांवर असते तेव्हा प्रोसेसर ७२ दाखवेल. मे महिन्यात वरच्या मजल्यावरची, गच्चीखालची खोली ३८ वर गेली की तोच प्रोसेसर, त्याच कामाला, ८८ दाखवेल. प्रत्यक्षात एक-दोन अंश जास्तच, कारण तापलेली चिप थोडी अधिक वीज गळू देते. म्हणून हिवाळ्यात जमवलेला ओव्हरक्लॉक (चिप ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) मे महिन्यात उघडा पडतो. सेटिंग पक्कं करायचं तर मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता करावं.

कूलरची रचना अशी: ६ मिमी जाडीच्या सहा हीट पाइप (उष्णता वर नेणाऱ्या नळ्या), पत्र्यांचे दोन मनोरे, १२० मिमीचे दोन पंखे, कमाल वेग मिनिटाला १५५० फेरे. उंची १५५ मिमी. पूर्ण वेगात आवाज येतो, पण उन्हाळ्यात डोक्यावर छताचा पंखा आणि खिडकीत डेझर्ट कूलर घरघरत असताना तो ऐकायला कोण बसलंय? डिसेंबरच्या रात्री मात्र जाणवतो. तेव्हा पंख्यांचा वेग उतरवावा.

आता सुरक्षित तापमान कोणतं? चिपगणिक उत्तर वेगळं. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीतल्या के मालिकेच्या चिपांची कमाल मर्यादा १०० अंश. एएमडीच्या रायझन ७०००मधल्या ७६००एक्ससारख्या चिपांची ९५, ७८००एक्स३डीची ८९, जुन्या ५८००एक्सची ९०. या आकड्याला पोहोचलं की चिप स्वतःहून वेग कमी करते, जळत नाही. पण मर्यादा म्हणजे मुक्काम नव्हे. गेम खेळताना ८०च्या खाली आणि तासन्‌तास चालणाऱ्या रेंडरमध्ये (व्हिडिओ किंवा थ्रीडी चित्र तयार करण्याच्या कामात) ८५च्या आसपास राहिलं तर मे महिन्यालाही जागा उरते.

रायझन ७०००च्या बाबतीत एक गोष्ट नवख्यांना घाबरवते. पूर्ण भार दिला की आकडा सरळ ९५ला जाऊन बसतो आणि कूलरच्या पाइपला हात लावला तर तो नुसता कोमट. कूलर बिघडलेला नसतो. उष्णता एका लहानशा तुकड्यात दाटलेली असते, वरचं धातूचं झाकण जाड असतं, त्यामुळे ती पाइपपर्यंत पोहोचायलाच अडखळते. शिवाय या चिपा ९५पर्यंत जागा दिसली की वेग वाढवत राहतात. इथे आणखी मोठा कूलर घेणं म्हणजे पैसे नाल्यात.

ओव्हरक्लॉकचा खरा खर्च व्होल्टेजमध्ये असतो. उष्णता वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.७ गिगाहर्ट्‌झला १.२० व्होल्ट लागत होते आणि ५.२ला १.३५ लागले, तर वेग वाढला ११ टक्के आणि उष्णता सुमारे ४० टक्के. शेवटचे २०० मेगाहर्ट्‌झ सोडून दिले तर कूलर अचानक ‘चांगला’ वाटायला लागतो तो याचमुळे. चिप झिजण्याचंही तसंच: तापमान आणि व्होल्टेज दोन्ही मिळून झिजवतात, नुसतं तापमान सांभाळून भागत नाही. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतली अस्थिरता २०२४मध्ये गाजली ती जास्तीच्या व्होल्टेजमुळेच. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या मायक्रोकोडने (चिपेच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्तीने) १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली. अशी चिप असेल तर आधी बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावा, मग ओव्हरक्लॉकचं नाव काढावं. रायझन ७०००वाल्यांनीही तेच. २०२३मध्ये काही एक्स३डी चिपा जळाल्यावर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (चिपेतल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांच्या व्होल्टेजला) १.३० व्होल्टची मर्यादा घातली, ती जुन्या बायोसमध्ये नाही.

विकत घेण्यापूर्वी दोन मापं बघा. कॅबिनेटमध्ये कूलरसाठी किमान १६० मिमी उंची हवी. १५५ला १५५ बसवायला गेलात तर काचेचं दार लागणार नाही. दुसरं, पुढचा पंखा रॅमच्या वर येतो. साधी, बुटकी रॅम असेल तर प्रश्न नाही. दिव्यांची झगमगणारी उंच रॅम असेल तर पंखा वर सरकवावा लागतो, म्हणजे एकूण उंची तेवढीच वाढते. तेही जमत नसेल तर पुढचा पंखा काढून नुसत्या मधल्यावर चालवा, काही अंशांचाच फरक पडतो.

बसवताना चुका ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठी आणि सर्वांत हास्यास्पद: तळाच्या तांब्याच्या पृष्ठभागावरची प्लास्टिकची फिल्म काढायची राहते आणि संगणक सुरू होताच तापमान ९०च्या पार जातं. मधला पंखा आधी काढावा लागतो, कारण दोन्ही मुख्य स्क्रू मनोऱ्यांच्या मधल्या फटीत आहेत. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर हवा, आखूड पोहोचत नाही. एएमडीच्या बोर्डवर प्लास्टिकचे कंस काढायचे आणि मागची धातूची पट्टी तीच वापरायची. एएम४वर (एएमडीचं जुनं सॉकेट) चारही स्क्रू निघाले की ही पट्टी निसटून खाली पडते, म्हणून मागून हात धरा. एएम५वर (रायझन ७०००चं सॉकेट) ती जागेवरच राहते. एएम४वर जुना कूलर ओढून काढू नका. दहा मिनिटं संगणक चालवून थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यातला उष्णता वाहणारा लेप) गरम होऊ द्या, बंद करा, मग कूलर डावीउजवीकडे हळूच फिरवून सोडवा, नाहीतर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबत येतो आणि पिना वाकतात. इंटेलच्या १७०० सॉकेटला भोकांचं अंतर ७८ मिमी, जुन्या १२००ला ७५. पट्टी लावताना नेमकी खूण बघा. पेस्ट एएमडीला मधोमध वाटाण्याएवढी, इंटेलच्या लांबट झाकणाला मधोमध उभी रेघ. स्क्रू आलटून पालटून, दोन-दोन फेरे, अडेपर्यंत. एक बाजू आधी पूर्ण आवळली की पेस्ट तिरपी दबते आणि काही कोअर दहा-पंधरा अंश जास्त तापलेले दिसतात.

दोन्ही पंख्यांची हवा एकाच दिशेने, मागच्या पंख्याकडे जायला हवी. बोर्डवर ‘सीपीयू फॅन’ची एकच जागा असेल तर वाय आकाराची स्प्लिटर वायर घ्या. आणि एक उणीव, जी सगळ्याच मनोऱ्यांच्या कूलरची आहे: प्रोसेसरबरोबर येणारा बसका कूलर खाली बोर्डवर हवा मारतो, हा मारत नाही. स्वस्त बोर्डच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) धातूचा हीटसिंक नसेल तर ओव्हरक्लॉकमध्ये तिथे ताप वाढतो आणि प्रोसेसर ७५ अंशांवर असूनही वेग पडतो. अशा बोर्डवर मागचा एक्झॉस्ट पंखा असलाच पाहिजे.

चाचणीसाठी एचडब्ल्यूइन्फो ६४ (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा आणि सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) अर्धा तास फिरवा. पाच मिनिटांत काही कळत नाही. तेवढ्यात कॅबिनेटमधली हवाही तापलेली नसते. एएमडीला ‘टीडाय’चा आकडा, इंटेलला ‘पॅकेज’चा आकडा आणि थर्मल थ्रॉटलिंगची (तापून वेग कमी झाल्याची) ओळ बघा. शेजारी खोलीचं तापमान लिहून ठेवा. त्याशिवाय नोंदलेला आकडा पुढच्या महिन्यात निरुपयोगी. प्राइम९५ या भार-चाचणीच्या सॉफ्टवेअरमधली लहान एफएफटी चाचणी रोजच्या कुठल्याही कामापेक्षा जास्त तापवते. तिथे ९५ दिसलं म्हणून सेटिंग लगेच मोडायला नको.

७६००एक्सवाल्यांसाठी सेटिंग सोपं आहे: बायोसमधला कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज उतरवणारं सेटिंग) उणे १०ने सुरू करून उणे २०पर्यंत पायरीपायरीने न्या, पीबीओमध्ये (एएमडीचं वेग वाढवणारं सेटिंग) तापमानाची मर्यादा ८५ ठेवा. उन्हाळ्यापुरता ६५ वॉटचा इको मोड लावला तर प्रत्यक्ष वीज ८८ वॉटवर अडते आणि गेममध्ये फरक जेमतेम कळतो. इंटेलच्या १३६००केची अधिकृत कमाल १८१ वॉट; मे-जूनमध्ये ती हाताने १५०वर बांधा. अनेक बोर्ड ही मर्यादा ४०९५ वॉट, म्हणजे मर्यादाच नाही, अशी सोडतात. ती ओळ आधी शोधा. बायोसमध्ये उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं अशी दोन प्रोफाइल साठवून ठेवली की दरवर्षी आकडेमोड नको. पंख्यांचं गणित: ५० अंशांना ४० टक्के, ७०ला ६५, ८५ला पूर्ण, वेग बदलायला चार-पाच सेकंदांचा उशीर द्या, नाहीतर ब्राउझर उघडला तरी पंखे हुंकारतात.

खोलीचा विचार सर्वांत शेवटी करतात, फायदा मात्र तिथेच जास्त. डेझर्ट कूलर कोरड्या मे महिन्यात खोली कित्येक अंशांनी उतरवतो; पावसाळ्यात काहीच करत नाही. त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर नको, बोरिंगच्या पाण्यातले क्षार पांढरी पूड होऊन पत्र्यांवर बसतात. लाकडी टेबलाच्या बंद खणात कॅबिनेट ठेवलं असेल तर कुठलाही कूलर हरेल. बाहेर काढा, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. मालव्याची रात्र थंड म्हणून नावाजलेली, तेव्हा मोठे रेंडर रात्री दहानंतर लावा. शहर देशात स्वच्छतेत पहिलं आलं असेल, कॅबिनेटच्या जाळीला ते कोणी सांगितलेलं नाही: एप्रिल ते जून दर पंधरवड्याला जाळी धुवा, दोन महिन्यांनी पत्र्यांवर ब्लोअर मारा आणि मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं फिरू देऊ नका.

इंटेलच्या १३७००के किंवा त्यावरच्या चिपेला २५३ वॉट मोकळे सोडायचे असतील तर ३६० मिमी लिक्विड कूलर घ्या, तोही खोलीच्या तापमानाखाली जात नाही हे धरून. ६५ वॉटच्या साध्या चिपेला उलट हा कूलर जास्तीचा. त्याच कंपनीचा चार पाइपांचा असॅसिन एक्स १२० पुरतो. घर बदलताना कॅबिनेट रिक्षात उभं ठेवू नका. मदरबोर्ड खाली आणि कूलर छताकडे येईल असं आडवं झोपवा, म्हणजे खड्ड्यांचा हिसका सॉकेटला बसत नाही.