ट्यूब आणि स्पीकर बदलून सात महिने: ४० वॉटच्या गिटार काँबो अँपचा अनुभव

आधी निष्कर्ष, मग तपशील. ट्यूब (आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या व्हॅक्यूम नळ्या) बदलल्याने अँप पूर्वीसारखा चालायला लागला आणि स्पीकर बदलल्याने त्याचा आवाज बदलला. ही दोन वेगळी कामं आहेत. नवा टोन हवा म्हणून महागड्या ट्यूब घेणाऱ्याची बहुतेक निराशाच होते. दोन्ही कामं एकाच दिवशी उरकली तर कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही. इथे ट्यूब आधी बदलल्या आणि स्पीकर दोन महिन्यांनी. मधल्या काळात त्याच खोलीत, त्याच जागी माइक ठेवून रेकॉर्डिंग करत गेलो, म्हणून पुढचं थोडं खात्रीने लिहिता येतं.

अँप फेंडर हॉट रॉड डीलक्स, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला काँबो. पॉवरला (स्पीकरला ताकद देणाऱ्या टप्प्याला) दोन ६एल६ ट्यूब, प्रीअँपला (गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या टप्प्याला) तीन १२एएक्स७, रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) सॉलिड स्टेट म्हणजे ट्यूबविना, १२ इंची एक स्पीकर, ८ ओहम. पॉवर ट्यूब थकल्याची लक्षणं ठरलेली असतात. बास ढिला पडतो, जोरात कॉर्ड मारली की आवाज पुढे यायच्या ऐवजी मागे सरतो, आणि व्हॉल्यूम वाढवला तरी दम वाढत नाही. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली म्हणून घाबरू नका, ती चांगल्या ट्यूबमध्येही असते. प्लेट (ट्यूबच्या आतला धातूचा पत्रा) लाल झाली तर मात्र तत्क्षणी स्विच बंद करा. काचेवरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, ती ट्यूब संपली.

मागचं पॅनेल उघडण्याआधी एक गोष्ट. प्लग काढला तरी वीज साठवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर चार्ज शिल्लक राहू शकतो. बाहेरून ट्यूब काढायच्या-घालायच्या असतील तर त्याच्याशी संबंध येत नाही, पण सॉकेटच्या क्लिपा घट्ट करायला किंवा रेझिस्टर बदलायला चेसिस (सर्किट असलेली धातूची पेटी) बाहेर काढणार असाल तर मोठ्या वॉटेजच्या रेझिस्टरमधून कपॅसिटर रिकामे करा आणि मीटर लावून खात्री करा. हे जमत नसेल तर तेवढं काम जाणकाराकडे द्या. दुसरी गोष्ट, स्पीकर जोडलेला नसताना ट्यूब अँप कधीही वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि सगळ्या ट्यूबच्या किमतीपेक्षा तो जास्त दुखतो.

ट्यूब काढायच्या त्या अर्धा तास थंड होऊ दिल्यावर. पॉवर ट्यूब काचेला नव्हे, खालच्या बेसला धरून सरळ ओढा, अगदी हलकी डुलवत. या अँपमध्ये सॉकेट सर्किट बोर्डावरच सोल्डर केलेले असतात, त्यामुळे जोरजोरात हिसडे दिले तर ट्यूब निघेल पण सोल्डरला तडा जाईल. मग महिन्याभराने आवाज येतो-जातो, आणि दोष नव्या ट्यूबवर ढकलला जातो. बेसच्या मधली प्लास्टिकची खुंटी मोडली असेल तर ती ट्यूब पुन्हा लावू नका. ती उलटी बसू शकते आणि मग फ्यूज तर जातोच, पुढचंही काही जाऊ शकतं. छोट्या नऊ पिनांच्या ट्यूबवर धातूची टोपी असेल तर ती किंचित दाबून फिरवली की सुटते. नवी ट्यूब घालताना पिनांमधली मोकळी जागा सॉकेटशी जुळवा, पिना वाकलेल्या असतील तर आधी सरळ करा. पिनांना काँटॅक्ट क्लीनरचा एक थेंब लावून ट्यूब चार-पाच वेळा आत-बाहेर केली की निम्मी खरखर तिथेच जाते. खरं तर हे आधी करून पाहावं, मग नव्या ट्यूबची ऑर्डर द्यावी.

पॉवर ट्यूब मॅच्ड, म्हणजे सारखाच करंट ओढणारी जोडीच घ्या. प्रीअँपच्या ट्यूब मॅच करून घेण्यात अर्थ नाही. ब्रँडबद्दल एवढंच: आज गिटारवाले वापरतात त्या नव्या ट्यूब जगात मोजक्या कारखान्यांतून येतात, मुख्यतः रशियातल्या सारातोव, स्लोव्हाकियातल्या चादत्सा आणि चीनमधून. एकाच कारखान्याचा माल चार लेबलांखाली विकला जातो. तेव्हा लेबलाच्या गोष्टीपेक्षा विकणाऱ्याने ट्यूब तपासून, करंटचा आकडा लिहून दिलाय का, ते बघा.

आता बायस, म्हणजे काही वाजत नसताना पॉवर ट्यूबमधून किती करंट वाहावा ते ठरवणं. फेंडरच्या या सर्किटमध्ये दोन्ही पॉवर ट्यूबचा करंट एका १ ओहमच्या रेझिस्टरमधून जातो, म्हणून हे काम सोपं. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा, काळी तार चेसिसला, लाल टेस्ट पॉइंटला. स्पीकर जोडलेला, व्हॉल्यूम शून्य, स्टँडबायमधून बाहेर, आणि निदान दहा मिनिटं अँप तापलेला. १ ओहम असल्यामुळे जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. कंपनीच्या आकृतीत ६० मिलिव्होल्ट दिलेत, म्हणजे प्रत्येक ट्यूबला ३० मिलिअँपिअर. प्लेटवर साधारण ४२० व्होल्ट धरले तर १२.६ वॉट होतात. ६एल६जीसीची मर्यादा ३० वॉट, म्हणजे जेमतेम ४२ टक्के. ट्यूब थंड चालते, खूप टिकते, पण हळू वाजवलं की आवाज जरा कोरडा लागतो. इथे ७० मिलिव्होल्टवर ठेवलं, म्हणजे ट्यूबमागे १४.७ वॉट. सगळीकडे सांगितला जाणारा ७० टक्क्यांचा आकडा ही वरची मर्यादा आहे. तिथपर्यंत पोचलंच पाहिजे असं काही नाही. या हिशेबाने तो १०० मिलिव्होल्ट होतो आणि त्याची इथे काहीच गरज भासली नाही. पॉट (बायस कमी-जास्त करणारा छोटा फिरता रेझिस्टर) अगदी हलक्या हाताने, प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवा. आत हा स्क्रूड्रायव्हर आणि मीटरचं टोक यांखेरीज काही जाता कामा नये, आणि दुसरा हात खिशात.

एकदा सेट केलं की विसरायचं, असं मात्र होत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत आकडा ७० वरून ७४ वर सरकला. पुन्हा ७० केला, त्यानंतर सात महिन्यांत दोन-तीनच्या वर हलला नाही. मेन्सचा व्होल्टेज वर-खाली झाला की हाही हलतो, तेव्हा एकाच मोजणीवर विश्वास ठेवू नका.

नव्या तीन १२एएक्स७ पैकी एक पहिल्याच आठवड्यात मायक्रोफोनिक निघाली, म्हणजे धक्का बसला की तिचाच आवाज स्पीकरमधून यायचा. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकी टिचकी मारली की सगळ्याच प्रीअँप ट्यूब स्पीकरमधून थोडा टक्‌ करतात. ही घंटेसारखी वाजत राहायची, आणि ड्राइव्ह (फाटलेल्या आवाजाच्या) चॅनेलवर गेन वाढवला की आपणहून शिट्टी. असली ट्यूब फेकायची नाही. पहिल्या जागी तिचा आवाज पुढच्या सगळ्या टप्प्यांतून मोठा होत जातो, फेज इन्व्हर्टरच्या (दोन्ही पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणाऱ्या, प्रीअँपच्या शेवटच्या ट्यूबच्या) जागी तेवढा होत नाही. व्ही-१ या पहिल्या जागेतून काढून व्ही-३ या फेज इन्व्हर्टरच्या जागी घातली, आजतागायत गप्प आहे. या अँपमध्ये व्ही-१ म्हणजे इनपुट जॅकच्या सगळ्यात जवळची, मागून पाहिलं तर उजवीकडची.

व्ही-१ मध्ये १२एएक्स७ च्याच जागी बसणारी ५७५१ ट्यूब घालून पाहिली, हा सगळ्या उद्योगातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल. १२एएक्स७ चा अँप्लिफिकेशन फॅक्टर १००, ५७५१ चा ७०. या अँपचा व्हॉल्यूम एकवरून दोनवर जाता जाता घर डोक्यावर घेतो, तो उतार जरा सौम्य झाला. तशाच बसणाऱ्या १२एवाय७ ने गेन आणखी खाली येतो, पण ड्राइव्ह चॅनेल पार मिळमिळीत होतो. फक्त क्लीन (न फाटणारा, स्वच्छ आवाज) वाजवणाऱ्यांनीच घालावी.

स्पीकरकडे वळू. जुन्याची कॉइल वयोमानाने घासत होती. दोन्ही हातांनी कोन समपातळीत हळूच आत दाबला की बोटांना आणि कानाला खर्रकन कळायचं. नवा निवडताना तीन आकडे बघायचे: ओहम, वॉट आणि सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच ताकदीवर स्पीकर किती मोठा वाजतो). तिसरा आकडा लोक वाचतच नाहीत. सेलेस्चन (Celestion) कंपनीचा व्हिंटेज ३० हा ६० वॉट, १०० डेसिबलचा. त्यांचाच जी१२एम-६५ क्रीमबॅक ६५ वॉट, ९७ डेसिबलचा. ३ डेसिबलचा फरक म्हणजे अँपची ताकद निम्मी किंवा दुप्पट करण्याइतका. ड्रमरबरोबर वाजवणाऱ्याला १०० हवेत. घरात वाजवणाऱ्याला ९७ बरे, म्हणून क्रीमबॅक. त्यांचा ग्रीनबॅक कितीही आवडत असला तरी तो २५ वॉटचा आहे, ४० वॉटच्या अँपमध्ये एकटा टिकणार नाही. ओहमची खात्री मीटरने करता येते, फक्त आकडा कमी दिसतो: ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ दाखवतो, १६ चा १२-१३ च्या आसपास.

बसवताना अँप तोंडावर, जाड चादरीवर झोपवा. उभ्या अँपमध्ये एका हाताने जड स्पीकर पेलत दुसऱ्या हाताने नट लावायला गेलात तर कोनला भोक ठरलेलं. कोनवर पुठ्ठा ठेवूनच हत्यार चालवा. तारेची स्पेड (टोकाची चपटी क्लिप) ओढताना टर्मिनलची पट्टी पक्कडीने धरा, नाहीतर पट्टीच मुळासकट हलते. नट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळा. एकच बाजू आवळली तर फ्रेम पिळते आणि कोरा करकरीत स्पीकरही कॉइल घासायला लागतो. मॅग्नेट आणि पॉवर ट्यूब यांच्यात किती जागा उरते तेही मोजा, कारण मॅग्नेटचा आकार बदललेला असतो. एकच स्पीकर असेल तर प्लस-मायनस उलटं झालं तरी कानाला फारसं कळत नाही. दोन असतील आणि एक उलटा लागला तर बास गायब.

पहिले पंधरा-वीस तास आवाज बोचरा होता, वरच्या दोन तारा टोचायच्या. परत करावा की काय असं वाटण्याचा हाच काळ. मग कोनची सस्पेन्शन सैल होत गेली. महिन्याभरात मिड भरले, ट्रेबल ६ वरून ४ वर आणावा लागला तो तिथेच आहे. यात कानाला सवय होण्याचा वाटा किती असा प्रश्न येतोच, पण आधीची आणि नंतरची रेकॉर्डिंग समोरासमोर ठेवली तर फरक ऐकू येतो. ट्यूब बदलण्याआधीची आणि नंतरची मात्र सारख्या व्हॉल्यूमला, डोळे मिटून ओळखता आली नाही. बोटांना वाजवताना फरक जाणवतो, तो वेगळा.

तक्रार एकच राहिली. चौथ्या महिन्यात ए तारेच्या मोकळ्या सुराला कुठून तरी करकर यायला लागली. नवा स्पीकर गेला या कल्पनेने धडकी भरते, पण आधी अँपला बाहेरचा कॅबिनेट जोडून, आतला स्पीकर सोडवून तोच सूर वाजवा. करकर थांबली तर दोष सर्किटमध्ये नाही, थरथरणाऱ्या कशात तरी आहे. मग आतला परत जोडून एकेका वस्तूवर बोट दाबत जा. इथे मागच्या पॅनेलचा एक स्क्रू सैल निघाला. पॉवर ट्यूबही काँबोत अशाच खुळखुळतात, त्यांना उष्णता सोसणारी सिलिकॉनची रिंग चढवली की बहुधा शांत होतात.

जुन्या ट्यूबमधल्या चालू असलेल्या दोन १२एएक्स७ चिठ्ठी लावून डब्यात ठेवल्यात. खरखर सुरू झाली की त्यातली एक घेऊन व्ही-१ पासून एकेक जागी बदलून बघायची, दहा मिनिटांत दोषी सापडते. पॉवर ट्यूबचीही एक मॅच्ड जोडी आणि मागच्या पॅनेलवर छापलेल्याच रेटिंगचे दोन फ्यूज सोबत असू द्यात. फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा लावू नका. पॉवर ट्यूब काढा आणि त्यांच्याजवळचे ४७० ओहमचे स्क्रीन रेझिस्टर काळे पडलेत का ते बघा.