काळ्या ओट्यावरचे फराटे: नऊ महिन्यांनंतर

स्वयंपाकघर नव्यानं केलं तेव्हा ओट्यासाठी ब्लॅक गॅलेक्सी निवडला. आंध्रातल्या ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा दगड, काळ्यावर सोनेरी ठिपके. दुकानात तो ओला करून दाखवतात, तिथेच आपण भुलतो. दुकानदार त्याला ग्रॅनाइट म्हणतो, पण भूगर्भशास्त्राच्या हिशेबात तो गॅब्रो नावाच्या वेगळ्या खडकाच्या जातीचा. पोळ्या लाटणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही. पुढे व्हिनेगरचा विषय येईल तिथे मात्र पडतो.

दगडाबद्दल तक्रार नाही. तक्रार होती ती फराट्यांची. नुकताच पुसलेला ओटा, पण कपाटाखालची एलईडी पट्टी लावली की असा दिसायचा, जणू कुणी ताक सांडून तळहातानं सारवलंय.

पहिले तीन महिने मी घासणंच वाढवत गेले. भांड्यांचं लिक्विड सढळ हातानं, मग एक सुवासिक स्प्रे, मग कुणी सांगितलं म्हणून खोबरेल तेलाचा हात. तेलानं एक संध्याकाळ आरसा झाला. दुसऱ्या दिवशी कणीक भिजवताना उडालेलं पीठ सगळं त्यावर चिकटलं, आणि ते काढायला पुन्हा लिक्विड!

दोष शेवटी बादलीत सापडला. आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी. आरओमधून वाया जाणारं पाणी मी मोठ्या कौतुकानं बादलीत धरायचे आणि ओटा त्यानंच पुसला जायचा. कामाला येणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या, "ताई, त्या पाण्यानं बादलीलाच पांढरी कड आलीय बघा. ओट्याला नाही यायची होय?" मी गप्पच. आरओ गोड पाणी पुढे सोडतो आणि क्षार मागे ठेवतो, म्हणजे त्या बादलीत बोअरपेक्षाही जड पाणी होतं. पाणी वाळतं, क्षार राहतात. जुन्या घरच्या फिक्या टाइल्सवर ते कधी दिसले नसते. काळ्या मिरर पॉलिशवर एकेक थेंब उमटतो.

आता ती बादली टॉयलेटला जाते आणि ओट्याला रोज एवढंच करते. आधी कोरड्या फडक्यानं चुरा, पीठ, मोहरीचे दाणे गोळा करायचे. मग आरओतून गाळून आलेल्या एक लिटर गोड पाण्यात लिक्विडचे दोन-तीन थेंब, त्यात बुडवून घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर. नंतर नुसत्या गाळलेल्या पाण्यानं एक हात, कारण साबणाचा थर मागे राहिला तर तोच फराटा होतो. आणि लगेच, वाळायच्या आत, दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबरनं टिपून घ्यायचं. हे शेवटचं टाळलं तर आधीचं सगळं फुकट. जुन्या बनियनचं फडकं चालत नाही असं नाही, पण तंतू सोडतं. मायक्रोफायबर धुताना सॉफ्टनर घालू नका. त्याचा थर कापडावर बसतो आणि मग ते पाणी ओढण्याऐवजी पसरवतं. माझी चार कापडं अशी गेली.

फोडणीच्या वाफेचा चिकटा गॅसच्या दोन्ही बाजूंना साचतो. त्यासाठी आठवड्यातून एकदा मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, निम्मं पाणी घालून, कापडावर घेऊन. गॅस बंद, शेगडी थंड, खिडकी उघडी असेल तरच. हे पेट घेतं.

आता व्हिनेगर. नळाच्या बुडाशी जमलेली पांढरी खपली त्यानं विरघळते, हे खरं. पण आईकडे अजून कडप्पा आहे, तो चुनखडीचा. लिंबाची फोड राहिली की तिथे कायमचा मंद डाग, पुसून जात नाही, कारण तिथलं पॉलिशच खाल्लेलं असतं. संगमरवराचंही तेच. माझा दगड त्या मानानं दणकट, तरी काळ्या दगडांपैकी काही आम्लानं निस्तेज होतात आणि वर लावलेला सीलरचा संरक्षक लेपही झिजतो. म्हणून खपली मी प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डानं, ओली करून, हळू खरवडते.

सीलरबद्दल गैरसमज माझाही होता. तो चकाकीसाठी नसतो, दगडात पाणी-तेल मुरू नये म्हणून असतो. पाण्याचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटांनी बघायचं. खालचा दगड गडद झाला तर सीलर उतरलाय. सातव्या महिन्यात सिंकमागे झाला. कारागिरानं पुन्हा लावला, पण जास्तीचा वेळेत पुसला नाही आणि तिथे धुरकट थर बसला.

हळदीनं दगडाला काही केलं नाही, पण भिंतीलगतचा पांढरा सिलिकॉनचा सांधा पिवळा झाला. सकाळचं ऊन येतं तिथला आपोआप फिका पडला, फ्रिजकडचा तसाच आहे.

पुन्हा निवडायची वेळ आली तर? लेदर फिनिश, म्हणजे कमी चकाकीचा, किंचित खडबडीत पृष्ठभाग घेईन. त्यात फराटे कमी दिसतात, खाचांत पीठ अडकतं ते चालेल. आणि सिंकमागची ती धुरकट पट्टी अजून निघालेली नाही. सध्या तिच्यावर भांड्यांच्या साबणाची वाटी ठेवलीय.